आजपासून बंद

“मी फळा बंद करतोय,” असं मी घरात जाहीर केलं तेव्हा बायको माळ्यावरून काढलेला लाकडी बैल ओल्या फडक्यानं पुसत होती. तान्हा पोळा दोन दिवसांवर आला होता आणि नातवाच्या बैलाचं एक शिंग गेल्या वर्षीपासून बेपत्ता होतं. तिनं मान वर न करता विचारलं, “मग त्या दोन खिळ्यांना काय अडकवायचं?”

प्रसंगाचं गांभीर्य तिच्या लक्षात आलं नसावं, असं मला वाटलं. मी म्हटलं, “अगं, बावीस वर्षांचं लेखन थांबवतोय.”

“हो, ते कळलं. खिळ्यांचं काय?”

ज्यांना आमचा ले-आउट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रतापनगरकडून त्रिमूर्तीनगरकडे जाताना मधे जे अनेक ले-आउट लागतात, त्यातल्या एकात आमचं घर आहे. घराच्या कंपाउंडच्या भिंतीवर, रस्त्याकडे तोंड करून, चार फूट बाय तीन फुटांचा एक काळा फळा गेली बावीस वर्षं टांगलेला होता. त्यावर मी रोज सकाळी एक मत लिहीत असे. कशावरचं मत, असं विचारू नका. कशावर नव्हतं, ते विचारा, म्हणजे उत्तर लवकर संपेल.

सुरुवात अगदी निरागस होती. २००३ च्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका शिकवणीवर्गानं गाशा गुंडाळला. बाकं, पंखे, टेबल सगळं विकायला निघालं. मी दीडशे रुपयांत फळा आणला, तो फक्त “गेटसमोर गाडी लावू नये” एवढं लिहायला. पहिल्या दिवशी तेवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी एकानं गाडी लावता लावता विचारलं, “काहून?” म्हणून तिसऱ्या दिवशी मी कारण लिहिलं. चौथ्या दिवशी त्या कारणामागची भूमिका लिहिली. आठवड्याभरात मी नागरिकांच्या कर्तव्यांवर आलो, पंधरवड्यात महानगरपालिकेवर, आणि महिना संपता संपता काश्मीरवर. गाड्या गेटसमोर लागतच होत्या. पण आता त्या लावणाऱ्यांना वाचायला काहीतरी होतं.

यात सगळा दोष माझा नाही, थोडा गावाचाही आहे. देशाच्या मधोमध राहिलं की असं होतं. इथून दिल्ली लांब, मुंबई लांब, कोलकाता लांब, चेन्नई लांब. त्यामुळे आपल्याला कोणी काही विचारत नाही, आणि आपण मात्र सगळ्यांविषयी सारख्याच अंतरावरून बोलू शकतो. आमच्या झिरो माइलच्या खांबाशेजारी दगडी चौथऱ्यावर चार घोडे आहेत. उधळलेल्या आवेशात आहेत, पण इतक्या वर्षांत त्यातला एकही कुठे पोचलेला नाही. माझ्या मतांकडे बघितलं की मला ते घोडे आठवतात.

शिवाय हे शहर १९५६ पर्यंत राजधानी होतं. राजधानी गेली, पण राजधानीत राहणाऱ्या माणसाला लागलेली मत देण्याची सवय काही गेली नाही. १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातून एक अधिवेशन आमच्या वाट्याला आलं. डिसेंबरात सरकार येतं, मोर्चे येतात, मंडप पडतात, हुर्ड्याच्या पार्ट्या होतात आणि सरकार परत जातं. मंडप उतरवायला कंत्राटदार मिळतो. डोक्यात उभी राहिलेली मतं उतरवायला कोणी मिळत नाही. ती मग फळ्यावर उतरवावी लागतात.

फळ्यावर लिहिणं हे कागदावर लिहिण्यासारखं नसतं. आमच्या फळ्यावर सहा ओळी बसायच्या, म्हणजे ओढूनताणून पंचेचाळीस शब्द. माझा प्रत्येक विचार पंचेचाळीस शब्दांत सुरू होऊन, तापून, शांत व्हायचा. शेवटी जागा उरली नाही की मी ‘असो’ लिहायचो. पुढेपुढे जागा उरली तरी ‘असो’ यायलाच लागला. “विदर्भ वेगळा झालाच पाहिजे, पण झाल्यावर पाणी कोण देणार हा प्रश्नच आहे. असो.” “लग्नात डीजे वाजवणाऱ्यांना शिक्षा व्हावी. पण वऱ्हाडात आपलीच पोरं नाचतात. असो.” ले-आउटमधली पोरं मला ‘असोकाका’ म्हणायची. मला बरीच वर्षं ते ‘अशोककाका’ ऐकू यायचं, आणि माझं नाव अशोक नसताना ही मुलं असं का म्हणतात यावरही मी एकदा सहा ओळी लिहिल्या होत्या.

प्रत्येक ऋतूचा फळा वेगळा. मे महिन्यात ओलं फडकं फिरवून पिळायला वळावं, तोवर फळा वाळलेला असायचा. खडू असा कर्कश वाजायचा की समोरच्या घरातलं कुत्रं उठून मागच्या अंगणात जायचं. सकाळी साडेसातनंतर फळ्याला हात लावायची सोय नव्हती, त्यामुळे उन्हाळ्यातली माझी सगळी मतं पहाटेची आहेत आणि म्हणूनच ती जरा सौम्य आहेत. पावसाळ्यात उलटं. दमट फळ्यावर लिहिलेलं अक्षर आधी दिसतच नाही. पंधरा-वीस मिनिटांनी फळा वाळला की ते हळूहळू पांढरं होऊन वर येतं. माझी कित्येक मतं वाळेपर्यंत लोक पुढे निघून गेले.

एका चित्रकलेच्या मास्तरांनी सांगितलं की खडू साखरेच्या पाण्यात बुडवून लिहिलं तर अक्षर ठळक उमटतं आणि लवकर पुसलं जात नाही. मी अर्धी वाटी साखर विरघळवली आणि हिंदुस्थानच्या परराष्ट्र धोरणावर लिहिलं. अक्षर खरोखरच मोत्यासारखं उठलं. दुपारी बघतो तर फळ्यावर ही गर्दी! माझ्या मतापाशी एवढी गर्दी मी आधी कधी बघितली नव्हती. चीनच्या ओळीवर तर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या लाल मुंग्या होत्या.

विषयांची यादी द्यायची तर माझ्या नोंदवह्या काढाव्या लागतील. रोजचं मत पुसण्याआधी मी वहीत उतरवून ठेवायचो. अशा अकरा वह्या झाल्या. पुढच्या पिढ्यांना कळावं की २००७ सालच्या एका मंगळवारी तर्री-पोह्यात चणे असावेत की नसावेत याबद्दल विचारी माणसांना काय वाटत होतं, हा हेतू. त्या वह्यांमध्ये सावजीचा रस्सा आहे, शुद्धलेखन आहे, नळाचे मीटर आहेत, चांद्रयान आहे, मृगबहार आणि आंबेबहार यांतली कोणती संत्री गोड हा वाद आहे, “करून राहिलो” हे अशुद्ध मराठी नसून नागपूरची स्वतंत्र क्रियापदव्यवस्था आहे हा सिद्धांत आहे.

आणि १२ मार्च २०११ आहे. त्या दिवशी जामठ्याच्या मैदानावर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांचा विश्वचषकाचा सामना होता. आपल्या १ बाद २६७ झाल्या तेव्हा मला राहवलं नाही. मी टीव्हीसमोरून उठलो, बाहेर गेलो, सकाळचं मत पुसलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, “साडेतीनशे कुठे गेले नाहीत. नागपूरची खेळपट्टी ज्यांना कळत नाही त्यांनी आता बोलू नये.” हात धुऊन परत आलो तोवर पडझड सुरू झाली होती. उरलेले नऊ गडी २९ धावांत गेले. २९६ वर सगळे बाद, आणि रात्री आफ्रिकेनं दोन चेंडू राखून सामना जिंकला. सचिनचं शतक झालं होतं, पण ले-आउटला ते आठवत नाही. त्यांना माझा फळा आठवतो. रात्री कुणीतरी त्याखाली लाल खडूनं लिहून ठेवलं होतं, “काका, पुसा आता.” मी ‘असो’ लिहायला विसरलो, असा तो एकच दिवस.

आता वाचकांबद्दल. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शेजारच्या वहिनींनी विनंती केली की खाली उजव्या कोपऱ्यात उद्याच्या नळाची वेळ लिहीत जा. मी मोठ्या मनानं चार बोटांची जागा दिली, आणि रोज लिहायला नको म्हणून “नळ :” एवढा मथळा ऑइलपेंटनं रंगवून घेतला. पुढे मला असं दिसायला लागलं की लोक फळ्यापाशी थांबतात, पण त्यांची मान उजवीकडे खाली वळलेली असते. मग कोपऱ्यात पोलिओचा डोस आला, हरवलेला पोपट आला, हळदीकुंकू आलं, “तिसऱ्या मजल्यावर खोली भाड्याने, शाकाहारींना प्राधान्य” आलं. कोपरा वाढत गेला. माझ्या सहा ओळींच्या चार झाल्या. विदर्भाच्या अनुशेषावर १९८४ साली दांडेकर समितीनं अहवाल दिला होता. माझ्या दोन ओळींच्या अनुशेषासाठी कोणी समितीही नेमली नाही.

खरा नियमित वाचक एकच होता, प्रेसवाला. त्याचा ठेला समोरच्या कडुनिंबाखाली, अगदी फळ्याच्या समोर. कोळशाची इस्त्री फिरवता फिरवता त्याच्या नजरेपुढे दिवसभर दुसरं काही नसे. तो माझ्याशी मतांवर कधी वाद घालत नसे. संध्याकाळी कपडे आणायला गेलो की एवढंच म्हणायचा, “साहेब, आज ‘असो’ थोडा लवकर आला.” किंवा, “आज दोन ‘असो’ टाकले, तब्येत ठीक आहे ना?” आमच्या ले-आउटमधली प्रेस म्हणजे काय ती आम्ही दोघं, असं मी गमतीनं म्हणायचो. फरक इतकाच की त्याच्याकडून निघालेल्या गोष्टीला घडी राहायची. आमचा व्यवहार महिन्याच्या महिन्याला, वहीवर. निदान तो महिन्याच्या महिन्याला असावा असं वहीत ठरलेलं होतं.

मग बंद का करायचा? गुडघ्याचं कारण मी सगळ्यांना सांगितलं, कारण गुडघ्याच्या विरोधात कोणी बोलत नाही. वरच्या ओळी लिहायला स्टुलावर चढावं लागे, आणि स्टूल धरायला बायको. “मध्यपूर्वेचं लवकर आटप, कुकर झालाय,” अशा वातावरणात चिंतन होत नाही. पण खरं कारण त्या वह्यांमध्ये होतं.

या उन्हाळ्यात कूलरला नव्या ताट्या बसवताना मला वाटलं, यावर काहीतरी लिहावं. जुनं काय लिहिलंय ते बघू म्हणून वह्या काढल्या. २००४ : “एसी हे ढोंग आहे. वाळ्याच्या वासाचा कूलर ही नागपूरची संस्कृती. असो.” २०१२ : “बदलत्या हवामानात एसी ही चैन नव्हे, गरज. असो.” २०१८ : “वाळ्याच्या वासाची सर कशालाच नाही. असो.” मेट्रोचे खांब उभे राहत होते तेव्हा मी लिहिलं होतं की या शहराला मेट्रोची गरज काय, इथे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला लोक पंचवीस मिनिटांत जातात. मार्च २०१९ मध्ये ती धावायला लागल्यावर मी लिहिलं की मेट्रोशिवाय महानगर कसलं. दोन्ही वेळा तितक्याच ठाम अक्षरात. अकरा वह्या चाळून झाल्यावर मला एका गोष्टीची खात्री पटली. मला मतं नव्हती. मला मत देण्याची वेळ होती, सकाळी साडेसहाची.

बंद करायचं ठरलं, पण बंद कसं करतात? सुरू करण्याच्या नाना तऱ्हा मराठीत आहेत. नारळ आहे, फीत आहे, प्रकाशन समारंभ आहे. बंद करण्याचा विधी नाही. म्हणून मी थोरांकडे बघितलं.

लोकहितवादींनी १८४८ मध्ये भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये पत्रं लिहायला सुरुवात केली. ब्राह्मणांची कर्तव्यं, पुनर्विवाह, विद्या, व्यापार, इंग्रजांचं राज्य, त्यांनाही सगळ्याच विषयांवर मत होतं आणि वय होतं पंचवीस. त्या पत्रांना आपण ‘शतपत्रे’ म्हणतो, पण मोजली तर ती एकशे आठ भरतात. मला हे वाचून फार धीर आला. पुढे न्यायखात्यात आयुष्य काढलेल्या माणसालासुद्धा शंभरावर थांबणं जमलं नाही. आठ पत्रं हातून निसटलीच.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ काढली आणि भाषा, इतिहास, कविता, देशस्थिती, जवळपास सगळं एकट्यानं लिहून चौऱ्याऐंशी अंक केले. म्हणजे चोख सात वर्षं. १८८२ मध्ये ते वारले, वयाची बत्तिशीही गाठली नव्हती. त्या वयात मी मतं सुरूही केली नव्हती. आमच्या नागपुरातलं उदाहरण घ्यायचं तर ‘तरुण भारत’चे ग. त्र्यं. माडखोलकर. १९४४ ते १९६७, तेवीस वर्षं संपादक. मला एक वर्ष कमी पडत होतं, हे कळल्यावर क्षणभर वाटलं की अजून वर्षभर रेटावं. पण त्यांनी ज्या बेळगावच्या साहित्य संमेलनाचं १९४६ मध्ये अध्यक्षपद भूषवलं, तिथे संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव झाला. माझ्या फळ्यावर ठराव झाला तो एकदाच, की कोपऱ्याची जागा वाढवावी.

‘सत्यकथा’ ऑगस्ट १९८२ च्या अंकानंतर थांबली. लोक अजून हळहळतात. तिच्यावर रागावून तरुण लेखकांनी तिची होळी केली होती, तेही लोक अजून सांगतात. याचा अर्थ मासिक बंद झाल्याचं दुःख व्हायला आधी ते कोणाला तरी जाळावंसं वाटलं पाहिजे. माझा फळा कोणालाच जाळावासा वाटला नव्हता. अशोक शहाण्यांनी साठच्या दशकात एक अनियतकालिक काढलं, त्याचं नावच ‘असो’. मी बावीस वर्षं जो शब्द शेवटी लिहीत होतो तो त्यांनी मुखपृष्ठावर टाकला होता. म्हणजे सुरुवातीलाच निरोप, पुढे कटकट नाही.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की विधी आपल्याच गावात आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालात मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. बाया, पोरं, म्हातारे तिच्याकडे सगळी रोगराई, इडापीडा, महागाई सोपवतात आणि घेऊन जा म्हणून आरोळ्या देतात. बरोबर बडगे निघतात. भ्रष्टाचाराचा बडगा, खड्ड्यांचा बडगा, वीजबिलाचा बडगा, शेजारच्या देशाचा बडगा, प्रत्येकाच्या गळ्यात पाटी. म्हणजे गावाची वर्षभराची एकूण एक मतं, कागद-बांबूंत बांधून, ताशांच्या गजरात. आणि संध्याकाळपर्यंत सगळी जाळून टाकतात! कोणी वहीत उतरवून ठेवत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा कोऱ्या बांबूपासून सुरुवात. हे शहाणपण सव्वाशे वर्षांहून जास्त काळ माझ्या घरापासून काही मैलांवर रस्त्यानं जात होतं, आणि मी सुट्टीच्या दिवशी गर्दी नको म्हणून घरी बसून त्यावर मत लिहीत होतो.

तेव्हा मुहूर्त ठरला : मारबतीचा दिवस.

निरोपाचा मजकूर मी तीनदा लिहिला. पहिला फार कृतज्ञ झाला, वाचताना मलाच माझी कीव आली. दुसरा फार तात्त्विक झाला आणि त्यात बहिणाबाईंपासून बुद्धापर्यंत सगळे येऊन गेले. तिसरा चार ओळींत बसला. सकाळी साडेसहाला, बायकोनं शेवटचं स्टूल धरलं, आणि मी लिहिलं :

वाचकहो,
आजपासून हा फळा, बावीस वर्षांच्या
सोबतीनंतर, आपल्या सर्वांच्या साक्षीनं
बंद होत आहे. असो.

मग नातवाला घेऊन मी मारबत बघायला गेलो. नऊ-साडेनऊच्या सुमाराला भाद्रपदी सर आली. मोठी नव्हती. आमच्या छज्ज्याला मधोमध एक भेग आहे, तिच्यातून फळ्याच्या बरोबर मधल्या भागावर धार लागते. ही भेग मला बावीस वर्षं माहीत आहे. तिच्यावर मी दोनदा लिहिलेलंही आहे.

दुपारी दोनला परत आलो तर ले-आउटमध्ये लगबग. गच्च्यांवरच्या टाक्या भरून वाहत होत्या. अंगणात ड्रम, कोपर, बादल्या, गुंड, लहान मुलांचा प्लास्टिकचा टब, एकीकडे तर प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवलेला. सगळ्या मोटारी एकदम सुरू. मी घाबरून विचारलं, “काय झालं?” शेजारच्या वहिनी कंबर धरून म्हणाल्या, “अहो, तुम्हीच तर लिहिलंय ना!”

मी फळ्याकडे बघितलं. धारेनं मधला सगळा मजकूर धुऊन नेला होता. वरच्या बाजूला ‘आजपासून’ राहिलं होतं, खाली ‘बंद’ राहिलं होतं, आणि कोपऱ्यात ऑइलपेंटमधला अढळ ‘नळ :’.

बावीस वर्षांत माझ्या लेखनाचा समाजावर झालेला हा पहिला परिणाम. आणि तो तातडीचा, सार्वत्रिक, जातपात-पक्षविरहित होता. घरात शिरलो तर न्हाणीघरात पाय ठेवायला जागा नव्हती, सगळी भांडी काठोकाठ. मी बायकोला म्हटलं, “तू कशाला भरलंस? तुला तर माहीत होतं मी काय लिहिलंय!”

“माहीत होतं,” ती म्हणाली. “पण सगळे भरत होते.”

संध्याकाळी खुलासा करत मी घरोघर फिरलो. फळाच बंद होतोय, नळ नाही, हे कळल्यावर लोकांना फार हायसं वाटलं. वहिनी म्हणाल्या, “अय्या, फळा का! मला वाटलं पाणी.” मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या खरंच हळहळल्या, “पण मग नळाचं कोण लिहिणार?” चौथ्या घरातले निवृत्त गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले, “मी रोज न चुकता वाचायचो हो. परवाचं तर फारच मार्मिक होतं.” परवा दिवसभर पाऊस होता. मी काहीच लिहिलं नव्हतं. तरी मी त्यांचे आभार मानले. कोऱ्या फळ्याबद्दलसुद्धा कोणी चांगलं बोललं तर घ्यावं.

फळा दोन दिवस भिंतीला टेकून उभा होता. तिसऱ्या दिवशी प्रेसवाला आला. “साहेब, बंद करून राहिले म्हणे. मंग मले देऊन टाका. रेट लिवाचे हाये.” मला बरं वाटलं. एका प्रेसचा वारसा दुसऱ्या प्रेसकडे गेला, यापरतं औचित्य कुठलं? आम्ही दोघांनी मिळून तो कडुनिंबाला टांगला. तो म्हणाला, “तुमीच लिवून द्या. तुमचं अक्षर मस्त हाये.” मी शर्ट, पँट, साडी, चादर असे दर लिहिले. लोक लगेच थांबायला लागले. “साडीचे वाढवले काहून बे?” “चादर डबलची की सिंगलची?” फळ्यावरच्या मजकुरावर एवढी साधकबाधक चर्चा मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो.

“आन् खाली थे उधारीचं लिवा,” तो म्हणाला. “लोकं चार-चार महिने देत नाहीत.”

विषय माझ्या आवडीचा होता. मी छोट्या व्यावसायिकाचं खेळतं भांडवल, कोळशाचा भाव आणि समाजातला परस्परविश्वास यांवर पाच ओळी सुचवल्या. त्यानं इस्त्री बाजूला ठेवून शांतपणे ऐकलं. “इतकं नको, साहेब. एक जन वाचत उभा राहीन, मागचं गिऱ्हाईक खोळंबन.”

म्हणून मी लिहिलं, “उधार मागू नये.” आणि माझा हात थांबला नाही. बावीस वर्षांची सवय. पुढे आपोआप उमटलं, “असो.”

प्रेसवाल्यानं मान तिरकी करून वाचलं. मग अंगठा थुंकीनं ओला केला आणि तेवढाच एक शब्द पुसून टाकला.

“ते काहून पुसलं?” मी विचारलं.

“थे असलं का मानूस समजते, चालते.”

मी फळ्याकडे बघत उभा राहिलो. वर्षाचे तीनशे धरले तरी सहा हजारांवर ‘असो’ झाले होते. विदर्भापासून डीजेपर्यंत प्रत्येक मताच्या शेवटी मीच दार किलकिलं ठेवत होतो, की एवढं काही मनावर घेऊ नका, मीही घेतलेलं नाही. आणि लोकांनी माझं अगदी तंतोतंत ऐकलं होतं.

आमच्या भिंतीवरच्या खिळ्यांना आता दोन कुंड्या लटकल्या आहेत. जाणारे-येणारे थांबून मनीप्लांट कसा लावला ते विचारतात, आणि बायको पंचेचाळीसपेक्षा कमी शब्दांत सांगते.

त्या संध्याकाळी कपडे घ्यायला गेलो तर प्रेसवाल्यानं गठ्ठा दिला, पण हात मागे घेतला नाही. दुसऱ्या हातानं वही उघडली. तोंडानं काही बोलला नाही, फक्त एकदा फळ्याकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे. जूनपासूनचे दोनशे साठ रुपये होते. मी खिशात हात घातला. त्या फळ्यावरचं वाचून कोणीतरी काहीतरी केलं, असं नळाखेरीज पहिल्यांदाच घडत होतं.